मुशी, मांदेली आणि मावशीचा सल्ला

आमच्या विंझरला समुद्र नाही. भातखाचरं आहेत, डोंगर आहेत, राजगड-तोरण्याचा शेजार आहे. मासे म्हणजे पहिल्या पावसातले चढणीचे, लावणीच्या दिवसांत खेकडे, आणि बाकी वर्षभर बाजारातलं सुकट-बोंबील. तेव्हा समुद्राच्या मासळीवर मी काही लिहावं हा तसा आगाऊपणाच! पण विषय घरात आलाय, त्यामुळे इलाज नाही.

झालंय असं की आमची भाची मढे घाटाच्या पलीकडे, कोकणात दिलेली. आता सहावा महिना. सासरी रोज ताटात मासळी. सासूबाईंनी आत्तापासून सांगून ठेवलंय की बाळंतपण झालं की मुशीचं कालवण खायचं, अंगावर दूध येतं. आणि हिने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं की माशांत पारा असतो, बाळाच्या मेंदूला बाधतो. झालं! "मावशी, मी मासे बंदच करून टाकते." इकडे आमची आई खूश. तिच्या मते मासे उष्णच, सुटले ते बरंच झालं.

मग मी चार दिवस वाचत बसले. मंडळी, भीती खोटी नाही. जपानमध्ये मिनामाता नावाच्या गावी एका रासायनिक कारखान्याचं सांडपाणी खाडीत जायचं. त्यातला पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. 1956 मध्ये हा आजार उघडकीला आला. सगळ्यात वाईट म्हणजे ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांची बाळं जन्मतःच आजारी निघाली. पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो. तो मांसातच मुरलेला असतो, त्यामुळे धुऊन, तळून, शिजवून जात नाही.

पण तो सगळ्या माशांत सारखा नसतो, आणि खरी मेख इथेच आहे. लहान मासा थोडा पारा खातो, मोठा मासा असे शेकडो लहान मासे खातो, आणि त्याला खाणारा आणखी मोठा... मासा जितका मोठा, जितका जास्त वर्षं जगलेला आणि दुसऱ्या माशांवर पोसलेला, तितका साठा जास्त. म्हणून अमेरिकन सरकार गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क टाळायला सांगतं. आणि मुशी म्हणजे शार्कच की हो! त्याच यादीत आपल्या सुरमईची एक अमेरिकन चुलत बहीणही आहे.

आता दुसरी बाजू. इंग्लंडमध्ये जवळजवळ 12 हजार गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो 2007 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ज्यांनी आठवड्याला 340 ग्रॅमपेक्षा कमी मासे खाल्ले, त्यांचीच मुलं पुढे भाषेच्या बुद्धिचाचणीत मागे पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-3 माशांतून मिळतं ना! म्हणजे ज्या मेंदूच्या काळजीपोटी मासे सोडायचे, त्याचंच नुकसान. म्हणून तेच अमेरिकन सरकार कमी पाऱ्याचे मासे आठवड्यातून दोन-तीनदा खा असंही सांगतं.

मग खायचं काय? बांगडा, तारली, मांदेली. लहान, थोडं आयुष्य असलेले, आणि गंमत म्हणजे स्वस्त. पापलेट-सुरमईच्या थाटापुढे मांदेलीला कोण विचारतं! पण इथे गरिबाचं ताटच शहाणं निघालं. आमचं सुकट-बोंबीलही लहानच जीव. फक्त खारवलेलं असेल तर मीठ फार, तेव्हा ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी (आई, वाचतेयस ना?) भिजवून, दोन पाण्यांनी धुऊन आणि बेताने खावं.

गोड्या पाण्यातल्या माशांचं गणित निराळं. तिथे मासा केवढा यापेक्षा पाणी कुठलं हे आधी विचारायचं. आमच्याकडचं पाणी गुंजवणीतून नीरेला जातं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि तिथून उजनीत. दोन्हीकडच्या माशांना एकच माप कसं लावणार? आणि ताजेपणा डोळ्यांनी बघूनच घ्यायचा. 2018 च्या जुलैत गोव्यात मासळीला फॉर्मेलिन लावतात म्हणून केवढा गदारोळ झाला होता! सरकारने काही दिवस बाहेरून येणारी मासळीच बंद केली होती.

तर भाचीला कळवलंय ते असं. मासे सोडू नकोस. आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा, तारली, मांदेली खा, नीट शिजवून. मुशी आत्ताही नको आणि पाजतेयस तोवरही नको. सुरमईचा मोह बाळ मोठं होईपर्यंत आवर. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हेच सगळं विचार, मावशी काही डॉक्टर नाही.

राहता राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांनी स्वतः मुशी खाऊनच मुलं वाढवली, आणि सुनेला खाऊ घालायची ती मायेनेच. त्यांचं मन न मोडता मुशीच्या जागी मांदेली कशी आणायची, हे मात्र कुठल्याच अभ्यासात लिहिलेलं नाही. कोकणातल्या वाचकांपैकी कुणाला युक्ती सुचत असेल तर जरूर कळवा. तीन महिने हाताशी आहेत.