वडिलांची येझदी आणि माझी चूक

घरातील वृद्ध माणसाच्या हातातून एखादे काम काढून घेताना आपण त्याची काळजीच घेत आहोत, असे आपल्याला मनापासून वाटत असते. कोल्हारमध्ये इतकी वर्षे रुग्ण तपासूनही मी ही चूक स्वतःच्या घरी करणार होतो. ती आपल्या हातून होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, निवृत्त प्राथमिक शिक्षक. प्रवरेकाठच्या वाड्यावस्त्यांवरील शाळांत ते येझदी मोटारसायकलने जात. ही गाडी तयार करणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण अण्णांनी आपली गाडी जपली. इंजिनाच्या दोन्ही बाजूंची ॲल्युमिनियमची गुळगुळीत झाकणे हा त्यांच्या अभिमानाचा विषय. दर रविवारी ती घासूनपुसून चकचकीत होत. आई गेली आणि हा क्रम थांबला. अण्णा मंदावले, बोलेनासे झाले. सदऱ्याची बटणे लावायला त्यांना वेळ लागू लागला, सहीचे अक्षर बारीक झाले. ‘दुःख आहे, शिवाय वय ऐंशीच्या घरात,’ अशी मी स्वतःची समजूत घातली.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी त्यांनी पॉलिशची जुनी डबी शोधून काढली. मी म्हणालो, “अण्णा, कशाला त्रास घेता? झाकणांना क्रोमचा मुलामा देऊन आणतो. पुन्हा घासायलाच नको.”

त्यांनी शांतपणे विचारले, “मग रविवारी मी काय करू?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. क्रोमचा विचार सोडायला आणखी एक कारण होते. ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर सतत बसत असतो आणि त्यावर मुलामा नीट धरत नाही. म्हणून आधी जस्ताची प्रक्रिया, मग निकेल आणि शेवटी क्रोम, असे टप्पे करावे लागतात. पारंपरिक पद्धतीच्या हौदात षट्संयुजी क्रोमियम असते. त्याच्या तुषारांनी कामगारांच्या त्वचेवर लवकर न भरणारे व्रण होतात, नाकातील पडद्याला छिद्र पडू शकते आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तयार क्रोमची वस्तू वापरणाऱ्याला हे भय नाही. ते सोसतो तो मुलामा देणारा. हाताने घासून जे काम होते, त्यासाठी हे सारे कशाला?

मी स्टूल घेऊन अण्णांशेजारी बसलो आणि कित्येक महिन्यांत प्रथमच त्यांचे हात नीट पाहिले. फडक्याची गोल फिरत सुरू झाली तेव्हा ते वर्तुळ वाटीएवढे होते. मिनिटभरात ते रुपयाच्या नाण्याएवढे झाले आणि मग हात थांबला. मांडीवर विसावलेल्या त्याच उजव्या हाताचा अंगठा आणि बोटे जपमाळ ओढल्यासारखी हलू लागली. फडके पुन्हा उचलताच कंप थांबला. पेट्रोलच्या कॉकमधून थेंब गळत होते. मला वास झोंबत होता, अण्णांना तो जाणवतही नव्हता.

हालचाल उत्तरोत्तर लहान होत जाणे, विश्रांतीच्या वेळी एका हाताला कंप, बारीक अक्षर, हरवलेली वासाची जाणीव: ही सारी पार्किन्सन आजाराची लक्षणे. एखादा रुग्ण दवाखान्यात असा समोर बसला असता तर मी ती ओळखली असती. घरात मात्र मी मुलगा होतो, आणि मुलाला बापाचे म्हातारपण तेवढे दिसत होते.

मेंदूविकारतज्ज्ञांनी निदानावर शिक्कामोर्तब केले. हा आजार मुळापासून बरा होत नाही. परंतु लेव्होडोपासारख्या औषधांनी हालचाल सुधारते आणि नियमित व्यायामाचाही उपयोग होतो. घासणे हा उपचार नव्हे. तरीही मुद्दाम मोठी हालचाल करणे आणि मोठ्याने आकडे मोजत ताल धरणे, याचा अशा रुग्णांना फायदा होतो. आता अण्णा शाळेतल्या आवाजात वीसपर्यंत मोजतात आणि प्रत्येक आकड्याला झाकणावर मोठे वर्तुळ काढतात.

आपल्याकडेही असा कोणी हौशी असेल तर काही पथ्ये पाळावीत. इंजिन पूर्ण थंड असावे, गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी असावी आणि पेट्रोलची गळती आधी दुरुस्त करावी. उकिडवे न बसता पक्क्या स्टुलावर बसावे, जागा हवेशीर व उजेडाची असावी. पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच वापरावा, म्हणजे धूळ उडत नाही. विजेवर फिरणारे बफिंगचे चाक मात्र नको: ते सैल बाही किंवा फडके क्षणात ओढून घेते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लहान जखमही महागात पडते. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचे पातेले काळे पडते, तशीच ही झाकणेही पडतात; कॉस्टिक सोडा तर डोळ्यांना आणि त्वचेलाही घातक. शेवटी हात साबणाने धुवावेत.

आपल्या घरी मोटारसायकल नसेल. तांदूळ निवडणे असेल, फुलवाती वळणे असेल. ते काम थांबवण्याआधी अर्धा तास शेजारी बसून पाहावे. पूर्वीसारखे जमत नसेल तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

अण्णा आता गाडी चालवत नाहीत. किल्ली त्यांनी स्वतःहून माझ्याकडे दिली. पॉलिशची डबी मात्र त्यांच्याच कपाटात आहे, आणि रविवारी सकाळी दवाखाना उघडण्याआधी माझे स्टूल त्यांच्या शेजारी असते.