रिकाम्या जागा

मराठी शिकवण्यात माझी चौतीस वर्षे गेली आणि दर परीक्षेला 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न मी काढलाच. त्यामुळे दोन ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते, हे ऐकल्यावर अंमळ सरसावून बसलो. भरलेली म्हणजे किती, तर आपल्या भागात घनसेंटीमीटरला सरासरी एखादा अणू! तोही बहुतेक हायड्रोजनचा.

पण तो सगळीकडे सारखा पसरलेला नाही, खरी गंमत तिथे आहे. सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर. त्याच्या साधारण निम्म्या अंतरावर, आतल्या बाजूला, थंड आणि दाट ढगांची गर्दी आहे. तिथे अणू जोडीजोडीने बांधलेले असतात, नवे तारे अशाच ढगांत जन्मतात. बाहेर जावे तसे हे ढग कमी होतात, सुटे अणू उरतात. तारे जवळजवळ संपले तरी वायू आपला पुढे जातोच आहे. आत थर पातळ, काठाकडे जाड, कारण दाबून धरणारे गुरुत्वाकर्षण तिथे कमी. शिवाय काठ एकीकडे वर, दुसरीकडे खाली मुडपलेला. नवशिक्याने थापलेली भाकरी डोळ्यांसमोर आणा. (सौ. हे ऐकणार आहेत, म्हणून उदाहरण घरातले देत नाही :))

हे कुणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. सुटा थंड हायड्रोजन २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. व्हॅन दे हुल्स्ट या डच तरुणाने १९४४ मध्ये तसे भाकीत केले, १९५१ मध्ये त्या लहरी सापडल्या. गेली चार वर्षे माझ्या डोळ्यांचा पडदा साथ देत नाही. रात्रीचे आकाश माझ्यापुरते मिटले आहे. हा भाग मी मुलीकडून दोनदा वाचून घेतला.

आपल्या नारायणगावजवळ, खोडदच्या परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. तिने टिपलेल्या लहरींवरून २००५ मध्ये आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि कराचेंत्सेव्ह यांनी सप्तर्षींच्या दिशेच्या एनजीसी ३७४१ या बुटक्या दीर्घिकेचा वायू मोजला. दिसणाऱ्या दीर्घिकेच्या आठपटींहून दूरवर तो पसरलेला निघाला! मग तिथे तारे का नाहीत? वायू इतका विरळ, की स्वतःच्या वजनाने गोळा होईना. नुसता फिरतो आहे. पण त्या फिरण्याच्या वेगावरूनच न दिसणाऱ्या द्रव्याचा अंदाज बांधता येतो.

विज्ञानदिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरते. मुलीला म्हटले, मला घेऊन चल.

"बाबा, तुम्हाला काय दिसणार?"

"तिथे कुणाला दिसतंय?" मी म्हटले.

रजेचे बघते म्हणाली आहे.