घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

घोरणारा माणूस सुखाने झोपतो, असे आम्हीही समजत होतो. आटपाडीच्या कचेरीत खतावणी लिहिताना आमचा डोळा लागे, सहकारी हसत. एकदा दिघंचीची बैठक आटोपून परतताना मोटारसायकलवरच डुलकी लागली. थोडक्यात वाचलो! तेव्हा पत्नीने आम्हाला डॉक्टरांकडे नेले. घोरता घोरता आमचा श्वास थांबतो आणि ती रात्रभर जागी राहते, हे तिथेच आम्हाला कळले.

झोपेची तपासणी झाली, सीपॅप मशीन घरी आले. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बुजते. मशीन हवेच्या दाबाने ती उघडी ठेवते. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे मांडला.

पहिल्या रात्री जीव घुसमटला, मास्क काढून टाकला. मग पत्नीने युक्ती काढली. रोज संध्याकाळी बातम्या ऐकताना अर्धा तास मास्क लावून बसायचे. हळूहळू भीती गेली. पट्टे फार आवळू नयेत. मास्क रोज साबणाच्या पाण्याने धुवावा. नाक कोरडे पडल्यास मशीनला पाण्याचे भांडे जोडता येते. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे. वीज गेली की मास्क काढावा, कुशीवर झोपावे.

आता पत्नीही निर्धास्त झोपते. बंधू-भगिनींनो, घरातल्या घोरण्याला हसू नका, डॉक्टरांना दाखवा.