नागपूरची कागदावरची संत्री

नागपूरला येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. दीक्षाभूमी, फुटाळा तलावावरची संध्याकाळ, सीताबर्डीची खरेदी आणि परतताना संत्राबर्फीचा डबा. तुम्ही आलात तर हे सगळं कराच; पण एक रविवारची सकाळ राखून ठेवा. ती कशासाठी, तेच आज सांगणार आहे.

आधी महालातल्या चितारओळीत चला. भोसल्यांच्या काळापासून इथे चिताऱ्यांची वस्ती आहे. पोळ्याच्या सुमारास गेलात तर दोन्ही बाजूंना मातीचे गणपती वाळत ठेवलेले दिसतील, आणि कुटुंबच्या कुटुंब कामाला लागलेलं असेल. मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी रेखायचे. तेवढा वेळ त्या कारागिराचा हात पाहत उभं राहा. बोट कापत नाही, नजर हलत नाही. चित्रकला ही काही मुंबई-पॅरिसहून आमच्याकडे आलेली नाही, हे तिथे लगेच पटतं.

पॅरिसवरून आठवलं. पॅरिसमध्ये नाव कमावलेले सय्यद हैदर रझा इथेच शिकले, बरं का! मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी १९२२ साली जन्मलेला हा मुलगा १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होता. मग मुंबईचं जे. जे. आणि १९५० साली फ्रान्स. लहानपणी शाळेत त्याचं लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितलं. तोच बिंदू पुढे जगप्रसिद्ध झाला. गुरुजींनी शिकवलं होतं ते एवढंच : एका जागी बसून एका गोष्टीकडे नीट बघ.

आणि हेच तर आपल्याला जमत नाही! आपण दिवसभर बघतो, पण कसं? दूध उतू जातंय का, मुलाच्या शर्टाचं बटण तुटलंय का, हे बघतो. काम निघालं की नजर पुढे सरकते.

म्हणूनच आमच्या वस्तीतल्या आम्ही दहाजणींनी रविवारचा चित्रवर्ग धरला आहे. सकाळी सात ते नऊ, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, नंतर हात कागदाला चिकटतो. त्या दिवशी घरी कोपऱ्यावरचे तर्री-पोहे आणायचे, हे आधीच ठरवून घेतलं. पहिले दोन रविवार घरच्यांनी कुरकुर केली, तिसऱ्यापासून तेच वाट पाहू लागले!

सुरुवात वस्तुचित्राने होते. एका चौरंगावर पितळी तांब्या, दोन संत्री, एक वांगं आणि मागे जुन्या साडीचा पडदा. उजेड एकाच खिडकीतून. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या मैत्रिणींना हा थाट आठवेल. तांब्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण ते गोल काढतो. पण बसल्या जागेवरून ते लांबट दिसतं. ‘माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा,’ हे आमच्या सरांचं पालुपद आहे. संत्र्याच्या सावलीत थोडा निळा असतो, हे इतकी वर्षं संत्री सोलून कधी कळलं होतं का?

महिन्यातून एकदा माणूस समोर बसवून चित्र काढतो. मंडईजवळ हार विकणाऱ्या एक मावशी येतात. वीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं विश्रांती. बैठक मोडू नये म्हणून पायांभोवती खडूची रेघ. पहिल्या दिवशी त्या हसून म्हणाल्या, ‘‘बाप्पा, नुसतं बसाचे पैसे भेटते काय!’’ तासाभराने मान चोळत म्हणाल्या, ‘‘कामापरीस बसनंच भारी हाये माय.’’ खरंच आहे. म्हणून त्यांची मजुरी आम्ही वर्गणीतून आधीच बाजूला काढतो. चित्र चांगलं येवो वा बिघडो, ती द्यायचीच.

मोठ्या कला महाविद्यालयांत शरीररचनेच्या अभ्यासासाठी विवस्त्र मॉडेलही बसतात. हा विषय आपल्याकडे कुजबुजतच बोलला जातो. २०१८ साली आलेला रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट पाहिला असेल तर आठवेल : मुलाच्या शिक्षणासाठी जे. जे. मध्ये मॉडेल म्हणून बसणारी, आणि ते मुलापासूनच लपवणारी आई. भिंतीवरच्या चित्राला लोक दाद देतात, पण ते चित्र ज्या बाईवरून काढलं तिला मात्र नाव सांगायची चोरी.

आणि चित्र काढणाऱ्या बाईची वाट तरी कुठे सोपी होती? लंडनची रॉयल ॲकॅडमी १७६८ साली निघाली, तेव्हा संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या. थोड्याच वर्षांनी झोफनी या चित्रकाराने सभासद मॉडेलभोवती जमलेले रंगवले. त्यात त्या दोघी नाहीत! त्यांच्या तसबिरी तेवढ्या भिंतीवर दाखवल्या, कारण त्या खोलीत बायकांना मज्जाव. पॅरिसच्या मोठ्या सरकारी कलाशाळेनेही १८९७ पर्यंत मुलींना घेतलं नाही. आपल्याकडे मा. वि. धुरंधरांची कन्या अंबिका १९३० च्या सुमारास जे. जे. मध्ये शिकली आणि पुढे ‘माझी स्मरणचित्रे’ लिहून आठवणी ठेवून गेली. वडील चित्रकार, म्हणून तिला घरातूनच वाट मिळाली. बाकीच्यांचं काय झालं असेल?

मावशी येत नाहीत त्या महिन्यात आम्हीच आळीपाळीने बसतो. पहिल्यांदा बसताना जीव अगदी कानकोंडा होतो. पदर सारखा करावा, केस मागे घ्यावेत असं वाटत राहतं. मग हळूहळू लक्षात येतं, की समोरच्या नऊजणी आपला रंग, वय, साडी यांतलं काही तोलत नाहीत. त्या नाकाची सावली शोधताहेत. लग्नाच्या वेळी दाखवायला बसलो होतो, त्या बसण्यात आणि या बसण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्यातल्या साठीच्या एक काकू आपलं चित्र पाहून म्हणाल्या, ‘‘एवढ्या लक्ष देऊन मला कुणी बघितलंच नव्हतं.’’ खोलीत कुणीच काही बोललं नाही.

तुमच्या गावी वर्ग नसेल तर चौघी मिळून सुरू करा. खर्च फारसा नाही. एक पाटी-बोर्ड, दोन चिमटे, २बी, ४बी आणि ६बी पेन्सिली, खोडरबर. कारट्रिजचा २२ बाय ३० इंचांचा ताव घेऊन त्याचे चार तुकडे करा. पेन्सिल हात ताणून डोळ्यासमोर धरा आणि एका डोळ्याने वस्तूची उंची-रुंदी मोजा. आधी फिकट रेषांनी मोठे आकार, मग सावल्या, बारकावे अगदी शेवटी. वाटी-भांडी जमली की घरातलं झोपलेलं माणूस काढा. ते हलत नाही आणि हरकतही घेत नाही!

नागपूरला आलात तर झिरो माईलचे चार घोडे आणि सिव्हिल लाइन्समधला १८६३ सालचा अजब बंगला वही घेऊन जरूर पाहा. आणि रविवारी संत्री घ्याल तेव्हा त्यातलं एक न सोलता तासभर खिडकीत ठेवा.