वजनावर जाणारी दौत

धुळ्याचं आमचं जुनं घर विकायचं ठरलं आणि माळ्यावरची भांडी खाली आली. घंगाळ, तपेली, बंब आणि त्यांच्या गर्दीत पणजोबांची पितळी दौत. पणजोबा कापसाच्या पेढीवर दिवाणजी होते. मुठीत मावेल एवढी बसकी दौत, बाजूला बोरू ठेवायची नळी, आत शाई पिऊन पिऊन दगड झालेला चिंधीचा बोळा. मोडवाला काटा लावून उभाच होता. "पितळ शे ना ताई, वजनवर जाई." त्याच्या हिशेबात पणजोबांची अख्खी नोकरी पाव किलोच्या आसपास!

मी दौत बाजूला काढली. आई म्हणाली, "मग पितांबरीनं लख्ख घास आणि शोकेसमध्ये ठेव." थांबा, घासायचं नाही!

चीनमध्ये मिंग आणि छिंग काळात विद्वानांच्या अभ्यासिकेसाठी खास ब्राँझची पात्रं ओतली जायची. हजारो वर्षांपूर्वी पितरांच्या पूजेत वापरलेल्या भांड्यांचे आकार घ्यायचे आणि त्यांची टेबलावर मावणारी धूपदाणी, फुलदाणी करायची. शाईची कांडी उगाळताना थेंब थेंब पाणी सोडणारी इवलीशी झारी, कुंचला टेकवायला डोंगराच्या आकाराचा ठोकळा. काय थाट! श्वेन्द सम्राटाची कारकीर्द १४२६ ते १४३५ एवढीच, पण त्याची मोहोर असलेल्या बहुतेक धूपदाण्या नंतरच्या काळातल्या. डुप्लिकेट म्हणा किंवा आदर म्हणा. शौकीन मंडळी जीव टाकतात ती त्यांच्यावर चढलेल्या तपकिरी रंगावर. तो घासून काढला की संपलं.

१७व्या शतकात वन झनहंग नावाच्या गृहस्थानं घर, बाग, टेबल कसं असावं यावर एक पुस्तक लिहिलं. म्हणजे त्या काळचा लाइफस्टाइल कॉलमिस्टच. नाव काय, तर 'अनावश्यक वस्तू'! त्यात तो बजावतो, ब्राँझच्या भांड्यात पाणी फार दिवस ठेवू नका, कुंचल्याचे केस ठिसूळ होतात, त्यापेक्षा मातीचं भांडं बरं.

त्याच शतकात आपल्याकडे समर्थ रामदास 'दासबोधा'त लेखनावर आख्खा समास लिहीत होते. एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. अक्षर वाटोळं, सरळ हवं. तरुणपणी इतकं बारीक लिहू नका की म्हातारपणी स्वतःलाच वाचता येणार नाही. मोबाइलचा फाँट वाढवणाऱ्या बाबांना मी हे ऐकवलं, त्यांना फारसं आवडलं नाही.

समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. जुनी दफ्तरं रद्दीत जात होती तेव्हा हा माणूस गावोगाव फिरून ती मिळवत होता. कागद वाचले, छान झालं. पण ज्या दौतीत बोरू बुडवून ते लिहिले गेले, तसल्या दौती आजही मोडीत जातात आणि कुणालाच काही वाटत नाही. चीनमधली तसली झारी काचेच्या कपाटात, आमची काट्यावर. मला हे पटत नाही, बस.

दौत आता जळगावला माझ्या टेबलावर, लॅपटॉपशेजारी असते. दिवाळीला सराफात वहीपूजन होतं तसं मीही लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू लावलं, कीबोर्डलाही बोट टेकवलं. बोळा काढलेला नाही. पाण्याचे दोन थेंब टाकले की त्यातून अजून काळं सुटतं.