सांगता न येणारे दुखणे

कळंबोलीच्या पोलाद बाजारातील एका पेढीचे मालक डाव्या वृषणातील दुखणे आठ महिने अंगावर काढीत होते. सकाळी काही नसे. दिवसभर गोदामात उभे राहून सळयांचे ट्रक भरून घेतले की संध्याकाळी तेथे जड ओढ लागे आणि रात्री आडवे होताच ओसरे. पाठ दुखली असती तर ते गादीवर चारचौघांत बोलले असते. व्यापारी तोट्याचा आकडाही लपवितो, पण इतका नाही. मनात एकच शब्द घर करून होता : कर्करोग.

अखेर पनवेलच्या एका मूत्ररोगतज्ज्ञांनी त्यांना आधी उभे करून, मग निजवून तपासले आणि सोनोग्राफी करविली. अंडकोशातील शिरा फुगल्या होत्या. या व्हेरिकोसीलचा त्रास बहुधा डावीकडेच होतो. त्या बाजूची शीर अधिक लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. आधार देणारे घट्ट अंतर्वस्त्र वापरून पाहावे, न भागल्यास शस्त्रक्रिया, असे ठरले. कर्करोगाची गाठ बहुतेकदा न दुखताच वाढते, हे त्यांना नवीन होते.

डॉक्टरांनी आणखीही विचारले होते. जड उचलता का? अंतर्गळाची ओढ तेथवर पोहोचते. ताप, लघवीला जळजळ? वृषणामागच्या नलिकेला संसर्ग होतो. नसबंदी झाली आहे? काहींना त्यानंतर दुखणे राहते. पाणी किती पिता? मूत्रनलिकेत अडकलेल्या खड्याची कळही तेथेच उतरते. खडा निघाला नाही. तरी चौविहार पाळणाऱ्या त्या गृहस्थांनी दिवसाउजेडी पाणी वाढविले. काहींच्या बाबतीत सर्व तपासण्या होऊनही कारण सापडत नाही, हेही डॉक्टरांनी लपविले नाही.

निघताना ते म्हणाले, ‘‘घरात मुलगा आहे ना? त्याला सांगून ठेवा. एकाएकी असह्य कळ आली तर सकाळची वाट पाहायची नाही. वृषण पिळला जाऊन रक्त तुटते. सुमारे ६ तासांत सोडविला तर बहुधा वाचतो.’’

त्या संध्याकाळी ते पंधरा वर्षांच्या मुलाला गच्चीवर घेऊन गेले. शब्द सापडायला वेळ लागला. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला.

पर्युषणानंतरच्या एका रात्री दोन वाजता त्याने वडिलांचे दार वाजविले. ‘‘पप्पा, तुम्ही सांगितलं होतं तसंच दुखतंय.’’ चारच्या आत तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. वृषण वाचला. दुसराही कधी पिळू नये म्हणून शल्यविशारदांनी त्यालाही टाके घालून जागी बांधले.