चोवीसची गेली, चाळीसची आली



या वेळचा लेख लोणच्याचा नाही आणि पारण्याच्या पदार्थांचाही नाही. मोटारसायकलचा आहे. बासष्टाव्या वर्षी बाईने मोटारसायकलवर काय लिहायचं, असं वाटलं तर वाटू दे. गेली सात वर्षं मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले आहे, आणि तिचा सगळा जमाखर्च माझ्याच वहीत आहे. १९८४ साली बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही. पण घरचा ताळेबंद आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेला नाही.

आमचे हे साखर कारखान्यात मेकॅनिकल विभागात होते. २०१८ मध्ये निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीतून रॉयल एनफिल्डची हिमालयन घेतली. ४११ सीसीची, पाच गिअरची, उंच, पुढचं चाक २१ इंची. रस्त्यावर यायला सगळं धरून दोन लाख लागले. तेव्हा मी फार बोलले होते. पुढे त्याच गाडीवरून कुंथलगिरी झालं, मांगीतुंगी झालं, श्रवणबेळगोळ झालं. आंबोली आणि फोंडा घाट तर किती वेळा, त्याची मोजदाद नाही. मीटरवर ५८ हजार किलोमीटर पडले. एवढ्या प्रवासात तिने आम्हाला एकदाही रस्त्यावर बसवून ठेवलं नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की नुसत्या आवाजावरून मी चहाचं आधण ठेवायची.

आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याचा प्रवासात एक फायदा होतो. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठून, ताट वाढून घ्यायचं असतं. त्यामुळे रात्रीचं गाडी चालवणं आपोआपच बंद. तिन्हीसांजेला दिव्याकडे झेपावणारे किडेही मग कमी मरतात. तरी हेल्मेटच्या काचेवर काही ना काही चिकटलेलं असतंच. मुक्कामाला पोचल्यावर हे ओल्या फडक्याने काच पुसतात, तेव्हा काही बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

पण या गाडीवर आमचा जीव जडला तो तीर्थयात्रांमुळे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. आमच्या गल्लीत सकाळी घोट्याएवढं होतं, दुपारी गुडघ्याच्या वर गेलं. आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा ८६ वर्षांच्या. चारचाकी काढायची सोय उरली नव्हती, नाव कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि आक्कांची औषधं दोन दिवसांपुरतीच होती. ह्यांनी हिमालयन काढली. आक्कांना मागे बसवलं, त्यांच्याच जुन्या इरकली लुगड्याने स्वतःच्या पाठीशी बांधून घेतलं. पुतण्या काठी घेऊन पुढे चालत होता, गटार कुठे उघडं आहे ते चाचपत. मी जिन्यात उभी राहून णमोकार म्हणत होते. पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद पडू न देता, पाणी कापत गाडी मुख्य रस्त्यापर्यंत गेली आणि तिथून कोरड्या वाटेने मिरजेला, नणंदेच्या घरी. आक्का पोचल्यावर म्हणाल्या, "घोड्यावरनं आल्यागत वाटलं." २०२१ मध्ये आक्का गेल्या. ते लुगडं अजून माझ्या कपाटात आहे, आणि गाडी अंगणात होती.

म्हणून गेल्या वर्षी ह्यांनी जेव्हा "ही देऊन मोठी घ्यावी म्हणतो" असं काढलं, तेव्हा मला आधी खरंच वाटेना. माणूस काय, गाडी काय, अडचणीत उपयोगी पडलेल्याला असं सहज सोडता येतं का? मी विचारलं, "हिचं काय बिघडलंय?" तर म्हणाले, "हिचं काही नाही बिघडलं. आपलं वजन आणि आपला बेत, दोन्ही वाढलेत." बेत म्हणजे स्पितीचा. तीन वर्षं बोलणं चाललं होतं, दोघांनी जायचं म्हणून.

मी वही काढली. ह्यांचं वजन ७२, माझं ६३, सामान २५. झाले १६० किलो. गाडी जुनी काय, नवी काय, दोनशे किलोच्या आतबाहेरची. म्हणजे एकूण साडेतीनशेच्या वर. जुन्या हिमालयनची ताकद साधारण २४ अश्वशक्ती, नव्या ४५० ची साधारण ४०. दर अश्वशक्तीवर जुनीत १५ किलोंचा भार येतो, नवीत ९ किलोंच्या आत. वर डोंगरात हवा विरळ होते, ती वेगळीच. दर हजार मीटरला इंजिनची ताकद ढोबळमानाने दहा टक्के कमी होते असं ह्यांनी सांगितलं. कुंझुमसारखी खिंड साडेचार हजार मीटरवर आहे. तिथे चोवीसातले चौदा-पंधराच उरायचे, आणि त्यावर आम्ही दोघं!

वेगाची भीती मी बोलून दाखवली. पासष्टाव्या वर्षी चाळीस घोडे कशाला हवेत? यावर ह्यांनी मला हायवेवरच्या ट्रकचं उदाहरण दिलं. ट्रकला ओलांडताना आपण त्याच्या बाजूला जितका वेळ राहतो, तितका वेळ धोक्याचा. जुन्या गाडीवर दोघं आणि सामान असताना तो वेळ लांबतो, मन धाकधूक करतं. ताकद असली की ऐंशीच्या आतच राहूनसुद्धा पटकन पुढे होता येतं. हे मला पटलं. ट्रकच्या चाकांकडे बघत बसलेली मीच होते ना! तरी ऐंशीची मर्यादा मी वहीत लिहून घेतली आणि खाली ह्यांची सही घेतली. वहीत सही असली की पुढे वाद होत नाही.

आता दुसरी गोष्ट. २०१२ मध्ये कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर आम्ही दोघांनी माताजींसमोर परिग्रह-परिमाण व्रत घेतलं. घर किती, सोनं किती, शेत किती, तशी वाहनंही लिहिली आहेत: एक चारचाकी, एक स्कूटर, एक मोटारसायकल. म्हणजे नवी आली की जुनी जाणार, दोन्ही ठेवायची सोय नाही. ह्यांच्या मनात मात्र दोन्ही ठेवायचं होतं. तोंडाने बोलले नाहीत, पण अंगणात दुसऱ्या गाडीसाठी जागा मोजताना मी पाहिलं. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, सोपं आहे. जुनी माझ्या नावावर करा. अण्णांना हवी तेव्हा चालवता येईल." मी म्हटलं, "अरे, मी कॉमर्सची आहे. बेनामी म्हणजे काय ते मला शिकवू नकोस." ह्यांना हसू आलं आणि विषय तिथेच संपला.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. अतिवाहन म्हणजे हावेपोटी जनावराला त्याच्या शक्तीपलीकडे पळवणं, आणि अतिभारवहन म्हणजे त्याच्यावर जास्त ओझं लादणं. बैल-घोड्यांसाठी लिहिलेलं आहे, लोखंडाला जीव नाही, हे मला कळतं. पण मी हे वाचून दाखवलं तर हे लगेच म्हणाले, "बघ, जुन्या गाडीवर १६० किलो म्हणजे अतिभारच की." शास्त्राचा आधार आपल्याला हवा तेव्हा नेमका सापडतो. मी म्हटलं, "विस्मय आणि लोभपण वाचा." दुसऱ्याची संपत्ती बघून मनात खंत होणं, तो विस्मय. कॉलनीतल्या एका मुलाने नवी हिमालयन आणल्यापासून हे संध्याकाळी त्याच रस्त्याने फिरायला जात होते, ते माझ्या लक्षात होतं.

हे सगळं असं रेंगाळलं होतं, आणि दशलक्षण पर्व आलं. ३ सप्टेंबरला रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय झाला. ४ तारखेला, नेमकं उत्तम त्यागाच्या दिवशी, पेपरात बातमी: ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा कर २८ वरून १८ टक्के, त्यावरच्यांना मात्र ४० टक्के. आधी मोठ्या गाड्यांना २८ अधिक ३ उपकर, म्हणजे ३१ टक्के होते. २२ सप्टेंबरपासून लागू. मी मंदिरातून आले तर हे पेपर पुढे धरून बसलेले. मूळ किमतीवर नऊ टक्के म्हणजे वीस हजारांच्या आसपास फरक. पुतण्याला लहान गाडी घ्यायची होती, त्याने २२ तारखेपर्यंत थांबायचं ठरवलं. आमच्या ह्यांना २२ च्या आत घ्यायची घाई. एकाच घरात दोन उलटे हिशेब.

पर्वाचे दिवस संपेपर्यंत शोरूमचं नाव काढायचं नाही, एवढं मी सांगितलं. पर्व संपलं, क्षमावाणी झाली, आणि लगेच पितृपक्ष लागला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पक्षात गाडी? नको हो." आपल्यात पितृपक्ष पाळत नाहीत, हे त्यांना समजावून सांगितलं. खरं म्हणजे त्या पंधरवड्यात शोरूममध्ये गर्दी नव्हती, त्यामुळे आम्हाला निवांत बघायला मिळालं.

पण मागे बसून बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही, हे मी पक्कं केलं होतं. टेस्ट राइड म्हणून लोक पुढेच बसून येतात, मागच्याचं काय? नव्या गाडीची सीट ८२५ मिलिमीटर, जुनीची ८००. इंचभराचा फरक. पण माझ्या गुडघ्याला इंच कळतो. डाव्या फूटरेस्टवर पाय, ह्यांच्या खांद्यावर हात, आणि उजवा पाय पलीकडे. शोरूममधली पोरं बघत राहिली. जुनी गाडी खालच्या फेऱ्यांतच बैलासारखी ओढते, धडधड अंगाला कळते. नवी आधी शांत असते, आणि फेऱ्या वाढल्या की एकदम निघते. इंजिन पाण्याने थंड होणारं, सहा गिअर, समोर गोल पडदा, त्यावर नकाशासुद्धा दिसतो. पहिल्यांदा निघाली तेव्हा मी ह्यांचा शर्ट मुठीत धरला. बायपासवर एक उसाचा ट्रॅक्टर ओलांडला. कधी ओलांडला ते कळलंच नाही. मी मागून म्हटलं, "किती आहे?" तर म्हणाले, "साठ." मग मी शर्ट सोडला. कमी उंचीची सीट वेगळी मिळते, ती बसवायची, या अटीवर मी होकार दिला.

आता जुनीचं मोल. एका शोरूममध्ये बदल्यात ६० हजार सांगितले, आणि वर "बोनस धरून" असं म्हणाले. मी घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के घसारा धरून बसले होतेच: दोन लाखांचे सात वर्षांनी ६४ हजार उरतात. पुस्तकी किंमतसुद्धा मिळत नसेल तर कशाला द्यायची? ह्यांच्या मेकॅनिकने ऐंशीच्या पुढे जाईल असं सांगितलं आणि एक मुलगाही आणला. जत तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. वाड्या-वस्त्यांवर गुरं तपासायला जायचं, खडीचे रस्ते, मागे औषधांची पेटी. त्याला वेग नको होता, दगडांतून न कुरकुरता जाणारी गाडी हवी होती. ८५ पासून ८२ वर तुटलं. ह्यांनी त्याला अर्धा तास सगळं समजावलं, चेनला तेल कधी, हवा किती, थंडीत सुरू केल्यावर लगेच का पळवायची नाही. पोरीला सासरी पाठवताना बाप जावयाला सांगतो, तसं.

मी मात्र कागद बघत होते. मैत्रिणींनो, हे नीट वाचा, कारण पुरुष मंडळी चावी दिली की व्यवहार संपला असं समजतात. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओकडे नाव बदललं पाहिजे. नाही तर उद्या गाडीचं काहीही झालं तरी बोलावणं आपल्याला येतं. विमा घेणाऱ्याने १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं सलग दावा केला नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या नुकसानभरपाईच्या हप्त्यात तेवढी सूट मिळते. आम्ही महापुरातसुद्धा दावा केला नव्हता. त्या मुलाच्या नावावर गाडी झाल्याचा मेसेज आला, त्या दिवशी मी वहीत ८२ हजार जमा बाजूला घेतले.

गाडी न्यायला तो आला तेव्हा हे अंगणात थांबले नाहीत. आत येऊन टीव्ही लावला. बातम्या चालू होत्या, आवाज बंद होता. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली, धडधड ऐकू येईनाशी झाली, तेव्हा मी चहा टाकला.

नवी २२ च्या आत आली. पहिले ५०० किलोमीटर झाले, पहिली सर्व्हिसही झाली. लांबच्या फेऱ्यांत ऐंशीचा शब्द अजून पाळला जातोय. काटा मी मागून बघते. स्पितीला चातुर्मास लागायच्या आत, जूनमध्ये जायचं आहे, कारण चातुर्मासात आम्ही जिल्ह्याबाहेर पडत नाही. पॅनिअरचा डावा डबा माझा ठरला आहे: बिनलसणाचं भडंग, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, गाळणं आणि पाणी उकळायचं छोटं भांडं. उजव्यात ह्यांचे पाने-पकडी. आक्कांचं लुगडं न्यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. वजन तसं काहीच नाही त्याचं.